वजन भरलं, शिक्षण राहिलं

महाराष्ट्रात खासगी बालवाडी काढायला काय लागतं? सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर रंगवलेली कार्टूनं, एक प्लॅस्टिकची घसरगुंडी, दोन-तीन पगारी बायका आणि गुमास्ता. गुमास्ता म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची नोंदणी. ती किराणा दुकानालाही लागते आणि सलूनलाही. वडापावच्या गाडीवाल्याला अन्न व औषध प्रशासनाकडे नाव नोंदवावं लागतं, रिक्षावाल्याला परमिट आणि बॅज लागतो. पण तीन वर्षांची तीस पोरं रोज तीन-चार तास ज्या बाईंच्या ताब्यात द्यायची, त्या काय शिकल्या आहेत, खोलीला दुसरा दरवाजा आहे का, एका बाईमागे किती पोरं आहेत, हे विचारून बालवाडी बंद करण्याचा अधिकार शिक्षण खात्याला देणारा कायदा अजूनही नाही.

त्याच बाईंनी उद्या त्याच खोलीत विनापरवाना पहिलीचा वर्ग भरवला तर मात्र सरकार खडबडून जागं होतं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८नुसार मान्यता नसलेली शाळा चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. जागा तीच, बाई त्याच. फरक फक्त मुलाच्या वयाचा. सहा वर्षं पूर्ण झाली की मूल राज्यघटनेच्या कलम २१-क मध्ये शिरतं आणि शिक्षण हा त्याचा मूलभूत हक्क होतो. त्याआधी ते कलम ४५मध्ये असतं, जिथे राज्याने ‘प्रयत्नशील राहावं’ एवढंच म्हटलं आहे. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ही वाटणी केली. कलम ४५मध्ये मुळात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं आश्वासन होतं. त्यात तीन-चार वर्षांचं मूल वगळलेलं नव्हतं. १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क मानलं, तेव्हाही खालची वयोमर्यादा घातली नव्हती. ती संसदेने घातली. सोळा-सतरा कोटी लहानग्यांचा खर्च नको म्हणून घातली, असं तेव्हाही बोललं जात होतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११मध्ये पूर्वप्राथमिकची व्यवस्था सरकार ‘करू शकेल’ असं आहे. ‘करील’ असं नाही. सरकारी भाषेत या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत एक अख्खी पिढी मावते.

२०२५च्या सुरुवातीला राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक शाळांसाठी ऑनलाइन नोंदणी सुरू केली. मुलं किती, कर्मचारी किती, जागा कशी, सोयी कोणत्या, अशी माहिती भरायची. ही मान्यता नव्हे, नुसती मोजदाद. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं उलटून गेल्यावर राज्य आपल्या हद्दीत बालवाड्या किती आहेत हे मोजायला बसलं. कायदाही करू, असं सरकारने सांगितलं आहे.

मोजायला बसण्याची निकड आली ती बदलापूरमुळे. ऑगस्ट २०२४मध्ये तिथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. सरकारचे आदेश निघाले: सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. त्याआधी नोव्हेंबर २०१६मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं कॅमेऱ्यात दिसलं होतं. तेव्हाही नियमावलीची भाषा झाली आणि थंडावली. आपल्याकडे लहान मुलांच्या संस्थांवरची देखरेख अशी एकेका गुन्ह्यामागून चालत येते. त्यामुळे तिचं सगळं लक्ष गुन्हा कसा टळेल याकडे असतं. ते हवंच, त्यात वाद नाही. पण बाईंनी साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबून तासभर रेघोट्या गिरवायला लावल्या, तर कॅमेऱ्याला त्यात वावगं काही दिसत नाही. उलट वर्ग फार शिस्तीत बसलाय असंच दिसतं.

मूल तिथे काय करतं, काय शिकतं, हे पाहायला राज्याचं कुणी येतच नाही. खासगी बालवाडीत येत नाही, कारण तसा कायदा नाही. अंगणवाडीत येतात, वारंवार येतात, पण ते दुसरंच काहीतरी पाहून जातात.

महाराष्ट्रात हे असं व्हावं याची चुटपुट जास्त लागते, कारण या विषयातलं देशाला दिलेलं मोठं काम इथलं आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे दादरला शिशुविहार आला. मॉन्टेसोरीची साधनं महाग, आणि ती वापरायला सुखवस्तू घरातली मुलं. ताराबाईंना ते टोचत होतं. १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. हरिजनवाड्यातली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून वाड्यातल्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, खडे, बांबूच्या कांड्या ही साधनं झाली. मुलांना न्हाऊ-माखू घालणं, नखं काढणं हे शिक्षणाच्या वेळापत्रकातच होतं. अंगणवाडीचा जन्म हा असा. १९५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरांमागे जायची आणि थोरल्या मुली धाकट्यांना कडेवर घेऊन बसायच्या. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, आणि शाळा गुरांमागे कुरणातही गेली.

या कामावर देखरेख कशी होती? ताराबाई स्वतः वर्गात बसत. काय झालं, कुठलं मूल कशात रमलं, कुठलं रडलं, याच्या नोंदी होत. नवी शिक्षिका आधी दिवसचे दिवस नुसती पाहत असे. हे सगळं ‘शिक्षणपत्रिका’ मासिकातून लोकांपुढेही येई. बालशिक्षणात देखरेख म्हणजे जाणत्या माणसाने मुलांमध्ये बसून पाहणं, हे त्या काळी इतकं उघड होतं की त्याचा नियम करावा असं कुणाला वाटलं नसावं.

सरकारी कागदांवरही हा विषय जुना आहे. १९४४च्या सार्जंट अहवालाने तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी दहा लाख जागांची शिफारस केली होती. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने महत्त्व मान्य केलं आणि भार मुख्यतः खासगी संस्थांवर टाकला. शेवटी हे मूल सरकारच्या दारात आलं ते शिक्षणाच्या वाटेने नव्हे, कुपोषणाच्या वाटेने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातल्या धारणीत आणि मुंबईच्या धारावीत. त्या योजनेत सहा सेवा होत्या: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आरोग्य-आहाराचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. नाव ताराबाईंचं घेतलं, अंगणवाडी. ताराबाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या.

आज राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत आणि देशात १४ लाखांच्या आसपास. त्यातल्या बऱ्याचशा सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००६च्या आदेशानंतर उभ्या राहिल्या. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांवर न्या, आणि वस्तीने मागितली तर तिथे ती द्या. खटला अन्नाचा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

पोषणावर नजर ठेवली तर काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. मेळघाटातल्या बालमृत्यूंवरून नव्वदच्या दशकात राज्याची पुरती नाचक्की झाली होती. २००५मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. मुलाची वजनं खरी लिहा, कुपोषित दाखवलं म्हणून कुणाला शिक्षा होणार नाही, असा पवित्रा त्यात होता; पूर्वी आकडे झाकण्याची सवय होती ती मोडायचा प्रयत्न झाला. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुरटलेपणाचं प्रमाण २००५-०६च्या सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१२पर्यंत २४ टक्क्यांच्या आसपास आलं. एवढ्या कमी वर्षांत असा फरक क्वचित पडतो. पुढे तो वेग टिकला नाही हेही खरं. पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण त्यानंतरच्या दोन राष्ट्रीय पाहण्यांत पस्तीस टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिलं. पण यंत्रणेला एखादी गोष्ट मनापासून मोजायला लावली की ती हलते, एवढं तर सिद्ध झालं. सहाव्या सेवेच्या, म्हणजे पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या, वाट्याला असं मिशन कधी आलं नाही.

अंगणवाडीची सकाळ पाहिली की कारण समजतं. शहरात दहा बाय दहाची भाड्याची खोली, गावात ग्रामपंचायतीने बांधलेली इमारत किंवा समाजमंदिराचा कोपरा. सेविका आणि मदतनीस. मदतनीस वस्तीत फिरून पोरं गोळा करून आणते, खोली झाडते, पाणी भरते, खिचडी-उसळीचं बघते. त्या आहारासाठी सर्वसाधारण मुलामागे दिवसाला आठ रुपये हा दर २०१७मध्ये ठरला आणि कितीतरी वर्षं तिथेच राहिला. तेलाचा डबा आठ वर्षांत कुठे गेला हे वाचकांना सांगायला नको. सेविकेला वजन-उंची घ्यायची असते, गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरी जायचं असतं, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई आणि आशाताईबरोबर थांबायचं असतं, टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं वाटायची असतात, मातृवंदना योजनेचे अर्ज, सप्टेंबरातला पोषण महिना, निवडणुकीच्या याद्या. २०२४च्या जुलैत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. अर्ज भरायला अंगणवाडी सेविका होत्याच. अर्जामागे ५० रुपये जाहीर झाले. काही महिन्यांनी कुणाच्या घरी चारचाकी आहे याची पडताळणी निघाली, तेव्हाही त्याच. ज्या बायांबरोबर रोजचं उठणं-बसणं, त्यांच्याच दारात जाऊन पंधराशे रुपये बंद होतील अशी नोंद करायची, हे काम कुठल्या बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात बसतं?

आणि मोबाईल. २०२१मध्ये देशभर पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. महाराष्ट्रातल्या सेविकांना मिळालेले फोन गरम व्हायचे, बंद पडायचे, ॲप इंग्रजीत. त्या वर्षी हजारो सेविकांनी मोर्चे काढून ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. नंतर भाषेची सोय झाली, फोन बदलले, कामही वाढलं. २०२५मध्ये टीएचआर घेणाऱ्या आईचा चेहरा कॅमेऱ्यात ओळखला गेल्याशिवाय वाटपाची नोंद होईना. डोंगराळ पाड्यात रेंज नसताना चेहरा ओळखायचा कसा, याचं उत्तर दिल्लीतल्या ॲपवाल्याला द्यावं लागत नाही.

एवढ्यातून उरलेल्या वेळात सहावी सेवा. गाणी होतात, गोष्ट होते, मुलं गोलात बसतात, ठोकळे असले तर निघतात. राज्यात ‘आकार’ हा चांगला अभ्यासक्रम आहे, केंद्राने २०२३मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ सुरू केलं, २०२४मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ आणलं. ‘आधारशिला’ वाचायला घेतलं तर ते खरोखर चांगलं आहे, आठवड्याआठवड्याचे खेळ आखून दिले आहेत. कागदाची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती. काही अंगणवाड्यांत, विशेषतः जिथे सेविका मुरलेली आहे आणि गाव तिच्या पाठीशी आहे, तिथे हे खेळ देखणे होतात. ते तिच्या अंगच्या गुणाने होतात, व्यवस्थेमुळे नव्हे.

व्यवस्था काय पाहते? वीस-पंचवीस अंगणवाड्यांमागे एक मुख्य सेविका. तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, वर जिल्हा परिषद, त्याहून वर नवी मुंबईतल्या बेलापूरचं आयुक्तालय. मुख्य सेविका भेटीला येते तेव्हा हजेरी आणि ॲपवरची हजेरी जुळते का, धान्याचा साठा, वजनं भरली का, तीव्र कुपोषित मुलं किती, हे बघते. पोस्टर लावलं आहे का तेही बघते. मग तिला पुढच्या अंगणवाडीत जायचं असतं. मूल तासभर बोललं का, त्याला प्रश्न विचारायला वाव मिळाला का, सेविका त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलते का, याचा रकाना असला तरी तो चुकल्याबद्दल कुणाला नोटीस आल्याचं ऐकिवात नाही. धान्यात दोन किलोची तूट आली तर येते.

एका माणसाकडून दोन पूर्णवेळ कामं करून घेणं हा मूळ दोष आहे, आणि त्यावर चांगला पुरावा हाताशी आहे. तमिळनाडूत शेकडो अंगणवाड्यांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ३२० केंद्रांत फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ कार्यकर्ती नेमली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या. अर्थशास्त्रज्ञ अलेहांद्रो गानिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी दीड वर्षाने तुलना केली, तेव्हा निवडलेल्या केंद्रांत शिक्षणाचा वेळ दुपटीवर गेला होता. भाषा आणि गणितात मुलं पुढे होती. मौज म्हणजे कुपोषणही घटलं, कारण जुन्या सेविकेला पोषणाचं काम नीट करायला सवड मिळाली. नवी इमारत नाही, टॅब नाही, एका शिकलेल्या स्थानिक मुलीचा अर्ध्या दिवसाचा पगार. असा सरळ उपाय समोर असताना आपण आणखी एक ॲप आणतो. यावर चिडावं की हसावं हे प्रत्येकाने आपल्या प्रकृतीप्रमाणे ठरवावं.

पगार हा शब्दही इथे चालत नाही, मानधन म्हणायचं. केंद्राने सेविकेच्या मानधनाचा आधार २०१८मध्ये साडेचार हजार रुपये केला. राज्य त्यात भर घालतं. महाराष्ट्रात २०२३मध्ये ते दहा हजार झालं. ४ डिसेंबर २०२३पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत संप चालला. लाखभर केंद्रांना कुलूप. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या पोषण आहार बंद पडल्याच्या. शिक्षण बंद पडलं अशी तक्रार फारशी उमटली नाही. तिथे शाळाही भरते, हे बहुधा बातमी लिहिणाऱ्यांच्याही लक्षात नव्हतं. पुढच्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर तीन हजारांची वाढ मिळाली.

सर्वोच्च न्यायालयाच्या मात्र ते लक्षात होतं. २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. निकालाचा एक आधार असा, की अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण चालतं आणि ते शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११मधलं काम आहे. ठाण्याच्या ओकसाहेबांनी जे वाचलं ते खात्यांना वाचता आलेलं नाही. सेविका शिक्षिका आहे असं मान्य केलं तर वेतनश्रेणीचा प्रश्न येतो, नाकारलं तर नव्या शैक्षणिक धोरणाचा पायाच राहत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंनी मौन.

दुसरीकडे खासगीत मौन वगैरे काही नाही, तिथे गलका आहे. गावातसुद्धा ज्याला परवडतं तो पोराला पिवळ्या गाडीत बसवून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला पाठवतो. पालकाला दोष देण्यात अर्थ नाही. संध्याकाळी वहीत ‘ए’ ते ‘झेड’ भरलेलं दिसलं की पैसे वसूल वाटतात. अंगणवाडीतून पोर गाणं म्हणत येतं आणि खिचडी खाऊन येतं. ‘नुसतं खेळायला जातंय’ असा शेरा पडतो. खेळणं हेच त्या वयाचं शिकणं आहे असं मेंदूशास्त्र सांगतं, ताराबाईंनी ते मेंदूशास्त्राची वाट न पाहता सांगितलं, ग्राममंगलच्या रमेश पानशांनी मराठीत पुस्तकांमागून पुस्तकं लिहून सांगितलं. शाळेच्या मुलाखतीत मात्र रंग आणि आकार इंग्रजीत विचारतात.

त्या मुलाखतींवर आपल्याकडे खटाटोप झाला आहे. यशपाल समितीने १९९३च्या अहवालात बालवाडी प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करायला सांगितलं. महाराष्ट्रात राम जोशी समिती नेमली गेली आणि १९९६मध्ये बालवाडी प्रवेशांचं नियमन करणारा कायदाही झाला. त्यात भर प्रवेशावर होता. प्रवेश झाल्यावर आत काय चालतं हा प्रश्न राहूनच गेला. पुढे शिक्षणहक्क कायद्यातल्या कलम १३ने चाळणी लावून प्रवेश देण्याला दंड ठेवला. मुलाखती बंद झाल्या, ‘पालकांशी संवाद’ सुरू झाला. २०१७च्या सुमारास राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले स्कूलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वीस मुलांमागे एक शिक्षिका, आधी नोंदणी, पालक-शिक्षक संघ. चांगल्या होत्या, आणि सूचनाच होत्या.

आंबेडकर विद्यापीठ आणि असर केंद्राने आसाम, राजस्थान आणि तेलंगणात सुमारे १४ हजार मुलांचा माग चार ते आठ या वयात घेतला. २०१७मध्ये अहवाल आला. त्यातली ठसठशीत गोष्ट अशी की सरकारी असो वा खासगी, पाचव्या वर्षी बहुतेक मुलं शाळेसाठी तयार नव्हती. एकात शिकवायला वेळ नव्हता, दुसऱ्यात चुकीचं शिकवलं जात होतं. फीच्या आकड्यावरून दर्जा ठरवणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाने ही ओळ फ्रिजवर चिकटवावी.

नव्या शैक्षणिक धोरणाने २०२०मध्ये तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला. तीन वर्षं बालवाटिका किंवा अंगणवाडी, मग पहिली-दुसरी. विचार म्हणून उत्तम. पण तीन ते सहा महिला व बालविकास विभागाकडे आणि सहा ते आठ शालेय शिक्षण विभागाकडे. मंत्री वेगळे, सचिव वेगळे, तालुक्यातलं कार्यालयसुद्धा वेगळं. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, कमी शिकलेलीला वर्षाची पदविका द्या असं धोरण म्हणतं. ते द्यायचं कुणी, शिक्षण खात्याच्या जिल्हा प्रशिक्षण संस्थेने (डाएट) की बालविकासच्या प्रशिक्षण केंद्राने, इथपासून ओढाताण.

१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्राने या आकृतिबंधाचा शासननिर्णय काढला. त्यातल्या पहिलीपासूनच्या हिंदीवरून राज्य पेटलं. जूनच्या अखेरीस तो आणि नंतरचा असे दोन्ही निर्णय मागे घेतले गेले, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती आली. तो वाद व्हायलाच हवा होता, सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादणं चूकच होतं. पण त्याच निर्णयात बालवाटिकेची तीन वर्षं होती. त्या तीन वर्षांत मराठी मुलांना मराठीतून पुरेसं बोलायला, ऐकायला मिळतं का, गोंडी, कोरकू, वारली बोलणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी परकी भाषा कानी पडते त्याचं काय, यावर दोन महिन्यांच्या त्या गदारोळात क्वचितच कुणी बोललं. भाषेचा पाया तिथेच भरायचा असतो.

येऊ घातलेल्या कायद्याबद्दल मला आशा आहे आणि धास्तीही आहे. धास्ती अशी की तो भिंतींचा कायदा होईल. इतके चौरस फूट, इतकी उंच कुंपणभिंत, इतके कॅमेरे, अग्निशमनचा दाखला, आणि प्रत्येक दाखल्यामागे एक टेबल. साखळीने शाळा काढणाऱ्या कंपन्या हे सगळं एका सल्लागाराकडून करून घेतील आणि फीत लावतील. मरेल ती गोवंडीत किंवा इचलकरंजीत स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत महिना तीन-चारशे रुपयांत पंचवीस पोरं सांभाळणारी बाई. तिच्याकडे येणाऱ्या पोरांच्या आया यंत्रमागावर किंवा घरकामाला जातात. अंगणवाडी चार तासांत सुटते, हिची खोली संध्याकाळपर्यंत उघडी असते. ती बंद पडली तर ती पोरं बालवाटिकेत जाणार नाहीत, रस्त्यावर जातील. म्हणून नोंदणी सर्वांना सक्तीची आणि फुकट असावी. सुरक्षेच्या चार-दोन अटींवर तडजोड नको. बाकी सुधारायला मुदत आणि मदत असावी. लहान बालवाडीवाल्या बाईंना ‘आकार’चं प्रशिक्षण सरकारने का देऊ नये? पोरं याच राज्याची आहेत.

आणि पाहणारा माणूस बालशिक्षणातला हवा. आरोग्य निरीक्षकाच्या धर्तीवर चालणारा नको, शाळांच्या केंद्रप्रमुखावर आणखी एक बोजा टाकूनही भागणार नाही. वर्षातून दोनदा जरी जाणत्या बाईंनी अंगणवाडीत आणि खासगी बालवाडीत, दोन्हीकडे एकाच नमुन्यानं, दोन तास मागे बसून पाहिलं, आणि मग शिक्षिकेशी अर्धा तास बोलल्या, तर कुठे काय अडलंय ते कळेल. मुख्य सेविकांमध्ये हे करू शकणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या भेटीतून साठा-हजेरी काढून घेतली तर. दोन्ही खात्यांनी मिळून असं एकच पथक उभारायला पैशापेक्षा मोठी अडचण आहे ती सही कुणाची चालणार याची.

दिवाळीची सुट्टी संपली की शहरांतल्या बालवाड्यांचे पुढच्या जूनचे फॉर्म निघतील. कायदा तोवर येईल असं वाटत नाही. तेव्हा फी विचारतानाच बाईंना विचारून घ्यावं: सरकारच्या पोर्टलवर नोंद केली का, एका ताईकडे मुलं किती, ताई कशात शिकल्यात, आणि लिहायला कधी बसवता. शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे नर्सरीतच’ असं अभिमानाने उत्तर आलं, तर फॉर्म तिथेच टेबलावर ठेवून यावा.